सोळा वर्षे मेजर : आयझेनहॉवर यांची बढती कुठे अडली होती?

ड्वाइट आयझेनहॉवर १४ ऑक्टोबर १९१८ रोजी, म्हणजे बरोबर आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, अमेरिकी सैन्यात लेफ्टनंट कर्नल झाले. त्यानंतर १ जुलै १९३६ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते पुन्हा एकदा लेफ्टनंट कर्नल झाले. मधल्या जवळजवळ अठरा वर्षांत ते दोनदा खाली उतरून कॅप्टन झाले आणि दोनदा वर चढून मेजर झाले. (हुद्द्यांचा चढता क्रम असा: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल आणि मग जनरलचे हुद्दे.) पुढे ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचे सैन्य उतरवणारा सरसेनापती हाच, हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्यांच्या सेवापुस्तकातल्या या नोंदी कोड्यात टाकतात. एवढ्या ताकदीच्या माणसाची बढती कोणत्या चुकीमुळे अडली, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर असे की बढती अडण्याला त्यांची चूक कारण नव्हती. कारण हुद्द्यांच्या हिशेबात होते. तो हिशेब एकदा समजला की त्यांच्या नोकरीची पहिली २६ वर्षे फार वेगळी दिसू लागतात.

अमेरिकी सैन्यात त्या काळी एका अधिकाऱ्याला एकाच वेळी दोन हुद्दे असू शकत. एक कायम हुद्दा आणि दुसरा हंगामी हुद्दा. कायम हुद्दा नियमित सैन्यातला, संसदेने ठरवून दिलेल्या संख्येतला, आणि निवृत्तीपर्यंत आपला. हंगामी हुद्दा युद्धापुरता. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिचे नियमित सैन्य सव्वा लाखाच्या आसपास होते, आणि दीड वर्षात एकूण फौज सदतीस लाखांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना कॅप्टन हवेत, मेजर हवेत, कर्नल हवेत. ते आणायचे कुठून? जे मूठभर प्रशिक्षित अधिकारी हाताशी होते त्यांनाच भराभर वरच्या खुर्च्यांवर बसवले गेले. अंगावरच्या गणवेशावर लेफ्टनंट कर्नलचे चिन्ह असले तरी कागदोपत्री तो माणूस कॅप्टनच राही. युद्ध संपले की फौज घरी जाते, वरच्या खुर्च्या उचलल्या जातात आणि प्रत्येक जण आपापल्या कायम हुद्द्यावर परत येतो. आयझेनहॉवर ३० जून १९२० रोजी लेफ्टनंट कर्नलचे कॅप्टन झाले ते याच नियमाने. ही शिक्षा नव्हती, आणि त्या दिवशी त्यांच्यासारखे कितीतरी अधिकारी खाली उतरले. अवघ्या काही दिवसांत त्यांना कायम मेजरचा हुद्दा मिळाला, आणि तिथून पुढे खरा मुक्काम सुरू झाला.

शांततेच्या काळातली बढती ज्येष्ठतेने होत असे. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही ज्येष्ठता यादी म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. १९२० च्या कायद्याने सर्व शाखांच्या बहुतेक अधिकाऱ्यांची मिळून एकच बढतीची यादी केली. कर्नलपर्यंतची प्रत्येक बढती त्या यादीतल्या क्रमाने, आणि तीही वर जागा रिकामी झाली तरच. जागा रिकामी व्हायची ती कोणी निवृत्त झाल्यावर, नोकरी सोडल्यावर किंवा वारल्यावर. निवृत्तीचे वय चौसष्ट होते. जनरलच्या हुद्द्यांसाठी निवड होती, पण निवडीच्या त्या दारापर्यंत पोहोचायला आधी यादीची अख्खी रांग पार करावी लागे. उत्तम काम करणारा आणि बेताचे काम करणारा हे दोघे त्या रांगेत शेजारी शेजारीच सरकत. त्यातच १९२२ मध्ये संसदेने खर्च कमी करण्यासाठी सैन्य छाटले: शिपाई सव्वा लाखांवर आणले, अधिकारी बारा हजारांच्या आसपास. प्रत्येक हुद्द्यातल्या जागा कमी झाल्या आणि यादीतली माणसे मागे ढकलली गेली. नोव्हेंबर १९२२ मध्ये आयझेनहॉवर मेजरचे पुन्हा कॅप्टन झाले आणि ऑगस्ट १९२४ मध्ये पुन्हा मेजर. सोळा वर्षे मेजर असे जे नेहमी सांगितले जाते त्यातली पावणेदोन वर्षे अशी कॅप्टन म्हणूनच गेली आहेत.

या सगळ्याचा अंदाज त्यांना स्वतःलाही होता. मुलाला पुढे सैनिकी शिक्षण घ्यावे की नाही याचा सल्ला देताना त्यांनी आपलाच हिशेब मांडला होता: यादी ज्या गतीने सरकत आहे ती पाहता आपल्या तुकडीतल्या लोकांची कर्नल होण्याची पाळी १९५० च्या सुमारास येईल, तेव्हा आपण साठीचे असू, आणि साठीच्या कर्नलला जनरल करण्यात कोणालाही रस नसतो. हे त्यांनी कडवटपणे सांगितले नव्हते. काम आवडते म्हणून नोकरीत राहिलो, असेच त्यांचे म्हणणे होते. मुलगा जॉन तरीही वेस्ट पॉइंटला गेला.

वेस्ट पॉइंट ही न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीकाठची अमेरिकेची सैनिकी अकादमी. आयझेनहॉवर तिथे पोहोचले ते सैन्याच्या ओढीने नव्हे, तर फुकट शिक्षणाच्या ओढीने. कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन या लहानशा गावात सहा भावांच्या कुटुंबात ते वाढले. वडील दूध-लोणी करणाऱ्या बेल स्प्रिंग्ज क्रीमरीत कामाला होते. शाळा संपल्यावर मोठा भाऊ एडगर कॉलेजात शिकणार आणि ड्वाइट क्रीमरीत राबून त्याला पैसे पाठवणार, नंतर पाळी उलटी करायची, असे दोघा भावांनी ठरवले होते. एका मित्राने नौदलाच्या अकादमीची कल्पना डोक्यात घातली. पण तिथल्या प्रवेशाची वयोमर्यादा उलटून गेली होती, म्हणून मग भूदल. जून १९११ मध्ये ते वेस्ट पॉइंटला दाखल झाले. आई इडा युद्ध हे पाप मानणाऱ्या श्रद्धेत वाढलेली होती. तिने मुलाला अडवले नाही, पण तो गेल्यावर ती रडली, असे घरात सांगितले जाई.

१९१२ मध्ये फुटबॉल खेळताना त्यांचा गुडघा जायबंदी झाला, आणि या गुडघ्याने त्यांची नोकरी सुरू होण्याआधीच संपवत आणली होती. पदवीच्या वेळी अकादमीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्यांना बोलावून सांगितले की असा गुडघा असलेल्या माणसाला अधिकारपद न देणेच योग्य ठरेल. ते म्हणाले, ठीक आहे. त्यांच्या मनात त्या वेळी अर्जेंटिनाला जाण्याचे विचारही होते. शेवटी डॉक्टरनेच मार्ग काढला: घोड्यावर बसावे लागेल अशी शाखा मागू नका, म्हणजे मी शिफारस करतो. त्यांनी पायदळ मागितले. जून १९१५ मध्ये १६४ जणांच्या तुकडीत एकसष्टावे येऊन ते सेकंड लेफ्टनंट झाले. या तुकडीतले ५९ जण पुढे जनरल झाले, ओमर ब्रॅडली त्यांपैकीच एक. पण हा चमत्कार नसून दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ही तुकडी नेमक्या योग्य वयाची होती, एवढाच त्याचा अर्थ आहे, असे मला वाटते. पहिली नेमणूक म्हणून त्यांनी फिलिपाइन्स मागितले आणि मिळाले टेक्सासमधले फोर्ट सॅम ह्यूस्टन. तिथेच मेमी डाउड यांच्याशी ओळख झाली, १ जुलै १९१६ रोजी लग्न झाले, आणि त्याच दिवशी ते फर्स्ट लेफ्टनंट झाले.

मग युद्ध आले, आणि प्रत्येक तरुण अधिकाऱ्याप्रमाणे त्यांनाही फ्रान्सला जायचे होते. त्यांचे अर्ज मात्र एकामागून एक परत येत राहिले. माणूस शिकवण्यात चांगला आहे हे वरिष्ठांच्या लक्षात आले होते, आणि लाखो नवखे शिपाई शिकवायचे असताना चांगल्या शिक्षकाला आघाडीवर कोण पाठवणार? टेक्सास, जॉर्जिया, कॅन्सस, मेरीलँड अशा छावण्या करत ते मार्च १९१८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला पोहोचले. अमेरिकी यादवी युद्धातली सर्वांत प्रसिद्ध लढाई ज्या मैदानावर झाली, तिथेच रणगाडा दलाची कॅम्प कोल्ट ही छावणी उभी करायची होती. ते तेव्हा कॅप्टन होते, सत्तावीस वर्षांचे. छावणी वाढत वाढत दहा हजार शिपाई आणि सहाशे अधिकाऱ्यांवर गेली. रणगाड्यांची छावणी खरी, पण सुरुवातीला तिथे रणगाडाच नव्हता. शिपायांना चालत्या वाहनातून नेम धरण्याची सवय व्हावी म्हणून ट्रकांवर मशीनगन बसवून सराव घेतला गेला. पुढे उन्हाळ्यात फ्रेंच बनावटीचे छोटे रेनॉ रणगाडे आले. हाताशी साधन नसताना प्रशिक्षण थांबू द्यायचे नाही, हे तिथे त्यांना रोज करावे लागले.

सप्टेंबर १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ छावणीत शिरली. लक्षणे दिसणाऱ्यांना वेगळे ठेवले, डॉक्टरांना हवी ती मोकळीक दिली, तरीही दीडशेहून अधिक माणसे दगावली. मला कॅम्प कोल्टचा हा भाग त्यांच्या सर्व सुरुवातीच्या काळात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अठ्ठावीस वर्षांच्या आतल्या माणसाच्या अंगावर दहा हजार लोकांच्या जेवणाची, निवाऱ्याची, शिस्तीची, आजारपणाची आणि मृत्यूची जबाबदारी एकाच वेळी पडली होती, आणि शत्रू समोर नसतानाही माणसे मरतात हे त्याने पाहिले होते. ऑक्टोबरमध्ये हंगामी लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा आणि फ्रान्सला जाण्याचा हुकूम दोन्ही हाती आले. जाण्याची तारीख होती १८ नोव्हेंबर. ११ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली. आघाडी न पाहिलेला अधिकारी हा शिक्का त्यांच्या नावावर बसला, आणि त्या पिढीत तो शिक्का जड होता. कॅम्प कोल्टच्या कामाबद्दल पुढे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळाले, पण पदकाने ती रुखरुख गेली नाही.

१९१९ च्या उन्हाळ्यात सैन्याने एक प्रयोग केला. राजधानी वॉशिंग्टनपासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ८१ वाहनांचा ताफा रस्त्याने न्यायचा. आयझेनहॉवर रणगाडा दलाचे निरीक्षक म्हणून स्वखुशीने त्यात गेले. ताफा ७ जुलैला निघाला आणि ६ सप्टेंबरला पोहोचला: सुमारे ५,२०० किलोमीटर अंतर, ६२ दिवस, तासाला सरासरी दहा किलोमीटरच्या आसपास वेग. पश्चिमेकडे रस्ते म्हणजे चिखल किंवा वाळू, लाकडी पूल ट्रकांच्या वजनाने मोडत आणि सैनिकच ते दुरुस्त करून पुढे जात. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी महामार्गांच्या राष्ट्रव्यापी जाळ्याच्या कायद्यावर सही केली तेव्हा या प्रवासाची आणि जर्मनीत पाहिलेल्या ऑटोबानची आठवण त्यांच्या मनात होती, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे.

त्यानंतर मेरीलँडमधल्या कॅम्प मीडमध्ये त्यांना शेजारी मिळाले जॉर्ज पॅटन. पॅटन श्रीमंत घराण्यातले, घोडदळातले, फ्रान्समध्ये रणगाडे घेऊन लढलेले आणि जखमी झालेले. आयझेनहॉवर यांच्या अगदी उलट. दोघांनी मिळून एक रणगाडा शेवटच्या खिळ्यापर्यंत सुटा केला आणि पुन्हा जोडला. तेव्हाचा नियम असा होता की रणगाड्याने पायदळाच्या थोडे पुढे, चालत्या माणसाच्या गतीने जावे आणि मशीनगनचे मोर्चे मोडावेत. या दोघांचे म्हणणे होते की रणगाडे वेगवान हवेत, त्यांना एकत्र आणून वापरावे आणि शत्रूची फळी फोडून तिच्या मागे धडक मारावी. १९२० मध्ये आयझेनहॉवर यांनी पायदळाच्या नियतकालिकात या धर्तीचा लेख लिहिला. पायदळप्रमुखांनी त्यांना बोलावून सांगितले की तुमच्या कल्पना चुकीच्याच नव्हे तर धोकादायक आहेत. पायदळाच्या अधिकृत मताविरुद्ध पुन्हा लिहिलेत तर कोर्ट मार्शल होईल. ही केवळ एका जनरलची आडमुठी वृत्ती नव्हती. १९२० च्या कायद्याने स्वतंत्र रणगाडा दल बरखास्त करून रणगाडे पायदळाच्या ताब्यात दिले होते, त्यामुळे रणगाड्याला पायदळापासून वेगळे काढण्याची भाषा म्हणजे पायदळाच्या अधिकारावरच घाला ठरत होता. पॅटन घोडदळात परत गेले, आयझेनहॉवर पायदळात राहिले आणि गप्प बसले.

१९२१ हे वर्ष त्यांच्या घरावर काळ होऊन आले. २ जानेवारीला तीन वर्षांचा थोरला मुलगा डाउड, लाडाने ज्याला इकी म्हणत, स्कार्लेट फिव्हरने गेला. त्याच वर्षी घरभाड्याच्या भत्त्यावरून चौकशी लागली: मुलगा आजोळी असताना त्याच्या नावे सुमारे अडीचशे डॉलरचा भत्ता त्यांनी घेतला होता आणि तो नियमात बसत नव्हता. त्यांनी चूक कबूल करून पैसे भरले, पण लेखी ताकीद सेवापुस्तकात चिकटली. नोकरी जाण्याइतके हे प्रकरण गंभीर होऊ शकले असते.

त्यातून ते बाहेर पडले ते फॉक्स कॉनर या माणसामुळे. ब्रिगेडियर जनरल कॉनर हे पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या अमेरिकी सेनापती पर्शिंग यांचे युद्धकारवायांचे प्रमुख होते. पॅटन यांच्या घरी एका रविवारच्या जेवणानंतर त्यांनी दोघा तरुणांना रणगाड्यांविषयी कितीतरी वेळ प्रश्न विचारले, आणि पुढे पनामा कालव्याच्या रक्षणासाठी असलेल्या तुकडीचे प्रमुखपद मिळाल्यावर आयझेनहॉवर यांना आपल्या हाताखाली मागून घेतले. पर्शिंग लष्करप्रमुख झाल्यावर तो हुकूम निघाला. जानेवारी १९२२ मध्ये आयझेनहॉवर पनामातल्या कॅम्प गेलार्डला पोहोचले आणि सप्टेंबर १९२४ पर्यंत तिथे राहिले.

सैन्यात पाठीराखा असणे म्हणजे बढतीसाठी वशिला, असे आपण सहज समजतो. कॉनर यांनी दिलेली गोष्ट वेगळी होती. वेस्ट पॉइंटला सनावळ्या पाठ करून आयझेनहॉवर यांना लष्करी इतिहासाचा वीट आला होता. कॉनर यांनी आधी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायला दिल्या, मग त्याच काळाचा खरा इतिहास, मग यादवी युद्धातल्या सेनापतींच्या आठवणी, आणि प्रत्येक पुस्तकानंतर प्रश्न: त्या सेनापतीला त्या क्षणी काय माहीत होते? दुसरा कोणता मार्ग होता? जर्मन युद्धचिंतक क्लाउझेविट्झ यांचा युद्धावरचा ग्रंथ त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतला. याच्या जोडीला छावणीच्या रोजच्या कामासाठी दररोज एक लढाईचा हुकूम लिहायला लावला. हा हुकूम ठरलेल्या पाच परिच्छेदांचा असतो: शत्रूची आणि आपली स्थिती काय, आपले उद्दिष्ट काय, कोणत्या तुकडीने नेमके काय करायचे, रसद आणि जखमींची व्यवस्था कशी, आणि सेनापती कुठे असेल व निरोप कसे जातील. घाईगर्दीत माणूस यांतली एखादी बाब विसरतो, आणि विसरलेली बाब बहुधा रसदीची असते. रोज एक याप्रमाणे जवळजवळ तीन वर्षे असे हुकूम लिहिणाऱ्या माणसाला त्या साच्यात विचार करण्याची सवयच लागते.

कॉनर यांनी आणखी एक गोष्ट मनावर ठसवली. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहामुळे दुसरे महायुद्ध अटळ आहे, ते मित्रदेशांना बरोबर घेऊनच लढावे लागेल, आणि वेगवेगळ्या देशांच्या सैन्यांना एका सेनापतीखाली आणणे हाच त्यातला सर्वांत अवघड प्रश्न असेल, असे ते सांगत. जॉर्ज मार्शल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करण्याची संधी मिळाली तर सोडू नकोस, असा सल्लाही त्यांनी दिला.

आता पुढची पायरी होती फोर्ट लेव्हनवर्थ इथले सेनाधिकाऱ्यांचे विद्यालय, आणि इथे पुन्हा सैन्याची घडण समजून घ्यावी लागते. या विद्यालयातल्या जागा शाखांना वाटून दिलेल्या असत आणि पायदळाच्या वाट्याच्या जागा पायदळप्रमुखांचे कार्यालय भरत असे. आयझेनहॉवर यांचे नाव त्यात आले नाही. त्यांना पुन्हा कॅम्प मीडला फुटबॉलचा संघ शिकवायला धाडले गेले. तेवढ्यात कॉनर यांची तार आली: जो हुकूम येईल तो प्रश्न न विचारता स्वीकार. हुकूम आला तो कोलोरॅडोतल्या फोर्ट लोगन इथे सैन्यभरतीच्या कामाचा. वरवर पाहता हे काम पार अडगळीतले, पण भरतीचे काम पायदळाकडे नसून सैन्याच्या प्रशासन विभागाकडे होते आणि त्या विभागालाही लेव्हनवर्थच्या जागांचा वाटा होता. त्या वाट्यातून १९२५ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. पायदळाची वरची शाळा न केल्यामुळे तुमचा निभाव लागणार नाही, असे पायदळप्रमुखांच्या कार्यालयातून त्यांना कळवलेही गेले.

लेव्हनवर्थचा अभ्यासक्रम नकाशावरच्या प्रश्नांचा होता. एका प्रदेशाचा नकाशा, दोन्ही बाजूंच्या सैन्याची माहिती, आणि ठरावीक वेळात निर्णय व हुकूम लिहून द्यायचा. तो विद्यालयाच्या मान्य उत्तराशी ताडून गुण मिळत. स्पर्धेचा ताण मोठा असे. पॅटन यांनी आपली टिपणे पाठवली, लेनर्ड गेरो या मित्राबरोबर अभ्यास झाला, आणि पनामातले ते रोजचे हुकूम कामी आले. जून १९२६ मध्ये आयझेनहॉवर २४५ अधिकाऱ्यांत पहिले आले. हुद्दा मेजरचाच राहिला, कारण ज्येष्ठता यादीला परीक्षेचा क्रमांक कळत नव्हता. परंतु कोणती कामे कोणाकडे द्यायची हे ठरवणाऱ्यांना तो कळत होता. हुद्दा आणि नेमणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथून पुढे स्पष्ट दिसते: रांग थांबलेली, पण कामे मात्र दर वेळी अधिक वरच्या टेबलावरची.

पर्शिंग यांच्या युद्धस्मारक आयोगासाठी त्यांनी युरोपातल्या अमेरिकी रणभूमींची मार्गदर्शिका तयार केली, आणि १९२८-२९ मध्ये पॅरिसला राहून तिच्या सुधारणेसाठी फ्रान्सचे रस्ते, नद्या, टेकड्या पायाखाली घातल्या. पंधरा वर्षांनी याच भूमीवर त्यांना लढायचे होते. मार्शल यांच्याशी पहिली ओझरती भेटही पर्शिंग यांच्याच कामातून झाली. मधल्या काळात आर्मी वॉर कॉलेजही पूर्ण झाले.

नोव्हेंबर १९२९ पासून ते वॉशिंग्टनमध्ये युद्धखात्याच्या साहाय्यक मंत्र्यांच्या कार्यालयात होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिक बऱ्याच अंशी फ्रेंच तोफा, फ्रेंच आणि ब्रिटिश रणगाडे व विमाने घेऊन लढला होता, कारण अमेरिकी कारखाने वेळेत तयारच झाले नव्हते. तसे पुन्हा होऊ नये म्हणून देशातला उद्योग युद्धासाठी कसा वळवायचा, कोणता कारखाना काय बनवील, कच्चा माल कुठून येईल, किमती कशा ताब्यात ठेवायच्या, याची योजना करण्याचे काम त्यांच्याकडे होते. रबर परदेशातून येणे बंद झाले तर काय, या प्रश्नासाठी १९३० मध्ये ते टेक्सास आणि मेक्सिकोत ग्वायूले नावाच्या रबर देणाऱ्या झुडपाची पाहणी करून आले. महामंदीच्या दिवसांत या योजनेकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. तरीही रणांगणावरचा शिपाई आणि कारखान्यातला कामगार यांना जोडणारी दोरी हातात धरून पाहिलेले अधिकारी त्या सैन्यात फार थोडे होते, आणि आयझेनहॉवर त्यांपैकी एक झाले.

१९३० पासून लष्करप्रमुख होते डग्लस मॅकआर्थर, आणि मेजर आयझेनहॉवर यांची लेखणी त्यांनी लवकरच हेरली. २८ जुलै १९३२ रोजी, युद्धातल्या सेवेबद्दल कबूल केलेला बोनस आताच द्या म्हणून राजधानीत ठाण मांडून बसलेल्या माजी सैनिकांना हुसकावून लावण्याची कारवाई झाली, तेव्हा मॅकआर्थर जातीने गेले आणि आयझेनहॉवर त्यांच्या सोबत होते. लष्करप्रमुखाने तिथे स्वतः जाणे योग्य नाही असे आपण सांगितले होते, असे आयझेनहॉवर यांनी पुढे लिहिले. कारवाईच्या अहवालाचा मसुदा मात्र त्यांनीच करून दिला. उपाशी माजी सैनिकांच्या झोपड्या त्या रात्री जळल्या, आणि वरिष्ठाच्या निर्णयाशी असहमत असूनही त्याचे समर्थन लिहून देणे ही त्यांच्या नोकरीतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

१९३५ मध्ये मॅकआर्थर फिलिपाइन्सचे लष्करी सल्लागार झाले आणि त्यांना बरोबर घेऊन गेले. वीस वर्षांपूर्वी मागितलेली नेमणूक अशी मिळाली. काम होते स्वातंत्र्याच्या वाटेवरच्या देशाला शून्यातून सैन्य उभारून देण्याचे, तेही तुटपुंज्या पैशांत. योजना मोठ्या, तिजोरी लहान, आणि मॅकआर्थर व राष्ट्राध्यक्ष मॅन्युएल केझॉन यांच्यामधला निरोप्या बहुतेक वेळा आयझेनहॉवर. मॅकआर्थर यांच्याशी खटके उडू लागले. तरी अभिमानी सेनापती आणि अभिमानी राजकारणी यांच्यामध्ये बसून काम पुढे नेण्याचा हा सराव होता, आणि १९४४ मध्ये चर्चिल, मॉन्टगोमेरी आणि द गॉल यांच्यामध्ये बसताना तो उपयोगी पडला नसेल असे म्हणता येणार नाही. यादीने अखेर पाळी दिली आणि १ जुलै १९३६ रोजी ते कायम लेफ्टनंट कर्नल झाले.

डिसेंबर १९३९ मध्ये ते अमेरिकेला परत निघाले तेव्हा युरोपात युद्ध पेटले होते. फोर्ट लुईसमध्ये त्यांना पायदळाची एक बटालियन मिळाली, आणि कार्यालयातून सुटल्याचा आनंद त्यांच्या त्या काळच्या पत्रांत भरून आहे. फौज पुन्हा फुगू लागली आणि तिच्याबरोबर हंगामी हुद्दे परत आले: मार्च १९४१ मध्ये कर्नल. त्या वर्षी लुइझियानात सुमारे चार लाख सैनिकांचा प्रचंड युद्धसराव झाला आणि त्यात जिंकलेल्या तिसऱ्या सेनेच्या प्रमुखांचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे मुख्यालयाचे कामकाज सांभाळणारे अधिकारी, आयझेनहॉवर होते. वृत्तपत्रातल्या एका छायाचित्राखाली त्यांचे नावही धड छापले गेले नाही आणि हुद्दाही चुकला. सप्टेंबरअखेर ते हंगामी ब्रिगेडियर जनरल झाले. डिसेंबरमध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, आणि १४ डिसेंबरला लष्करप्रमुख मार्शल यांनी त्यांना समोर बसवून पॅसिफिकमधली स्थिती सांगितली व एकच प्रश्न विचारला: आपण काय करावे? काही तास मागून घेऊन त्यांनी जे उत्तर लिहून नेले ते फिलिपाइन्समध्ये चार वर्षे राहिलेल्या आणि रसदीत मुरलेल्या माणसाचे होते. फिलिपाइन्स वाचवता येणार नाही, पण प्रयत्न सोडता येणार नाहीत, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियात तळ उभारून तिथवरचा समुद्रमार्ग राखला पाहिजे. मार्शल यांनी मान्यता दिली.

त्यानंतरचा वेग सर्वांना ठाऊक आहे: मार्च १९४२ मध्ये मेजर जनरल, जुलैमध्ये लेफ्टनंट जनरल, नोव्हेंबरमध्ये उत्तर आफ्रिकेवरच्या स्वारीचे नेतृत्व, फेब्रुवारी १९४३ मध्ये चार ताऱ्यांचा जनरल. हे सारे हुद्दे हंगामी होते. ट्युनिशियात जर्मन आणि इटालियन सैन्याने मे १९४३ मध्ये शस्त्रे ठेवली तेव्हा दोस्तांच्या सरसेनापतीचा ज्येष्ठता यादीतला कायम हुद्दा होता लेफ्टनंट कर्नल, आणि तो बदलायला ३० ऑगस्ट १९४३ उजाडावा लागला.